घट्ट झाकणाचा आषाढ

परवा दुपारी सुनेच्या नावानं एक खोकं आलं. घरात मी एकटाच होतो. आणणाऱ्याला दारातच थांबवून मी खोकं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, चिकटपट्टी कुठं काढून पुन्हा लावलेली नाही ना हे बघितलं, आणि मगच सही केली. तो वैतागला. वैतागू दे. घाई करणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, हे मी साकीनाक्याला शिकलोय.

सुनेला फोन लावला. "उघडू का गं?"

"उघडा की बाबा. शेकर आहे. मोहनकाका येणारेत ना गटारीला? तुम्हीच म्हणालात, यंदा काहीतरी चांगलं करूया."

मी 'काहीतरी चांगलं' म्हणालो होतो, शेकर म्हणालो नव्हतो. म्हणजे हिला कुणीतरी जुनी गोष्ट सांगितलेली दिसते. घरात ती गोष्ट ठाऊक असलेलं माणूस एकच, आणि ते त्या वेळी देवळात गेलं होतं.

खोक्यातून तीन तुकड्यांचं भांडं निघालं. खाली उंच पेला, त्यावर गाळणी असलेलं झाकण, त्याच्यावर लहानशी टोपी. दारू, रस, बर्फ आत घालायचा, बंद करून जोरजोरात हलवायचं, टोपी काढून गाळणीतून ओतायचं. एवढंच त्याचं काम. मी झाकण लावलं आणि ओढून पाहिलं. ऐंशीच्या दशकातला एक आषाढ माझ्या बोटांना डोक्याच्या आधी आठवला.

आषाढात सगळं सादळतं. काड्यापेटी, पापड, मीठ, वर्तमानपत्र. चपलेला बुरशी येते, कपाटातून ओल्या कांबळ्याचा वास येतो, आणि भिंतीवर हात फिरवला तर ती भिजलेल्या गुरासारखी गार लागते. माझा धंदा या सादळण्यावर उभा होता. साकीनाक्याला मागच्या गल्लीत माझा गाळा होता, तिथं मी स्टीलचे डबे करायचो. लेथवर फिरणारा पत्रा किंचाळायचा, पॉलिशच्या चाकाखालून काळी भुकटी उडायची, संध्याकाळी थुंकलं तरी काळं. बाहेर चिखल इतका की बूट घालणारा माणूस तिथं परका वाटायचा. पण आषाढ लागला की डबे हातोहात जायचे. बायका डबा घेताना झाकण लावून उलटा धरायच्या आणि मनगटाला एक झटका द्यायच्या. माझ्या डब्याचं झाकण कधी पडलं नाही. देवगडहून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या गाळ्यात पॉलिशच्या चाकावर उभा राहायचो. तिथून स्वतःच्या गाळ्यापर्यंत मला कुणी हात धरून आणलं नाही. त्या घट्ट झाकणानं आणलं, आणि कुणावर चटकन विश्वास न ठेवण्याच्या सवयीनं.

पत्रा घेताना खिशात लोहचुंबक असायचं. चांगल्या स्टीलला ते चिकटत नाही. विकणारा कितीही गोड बोलला तरी चुंबक गोड बोलत नाही. पुढं पुढं मला माणसांनाही ते लावून बघावंसं वाटायचं. पहिलं लावलं असतं मोहनरावांना.

मोहनराव म्हणजे माझे साडू. सुलभाच्या, माझ्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचे यजमान. बँकेत साहेब, मुलुंडला फ्लॅट, बोलणं हळू आणि इस्त्री केलेलं. मला ते 'शेठ' म्हणायचे. गल्लीतले सगळेच मला शेठ म्हणायचे, त्याचं काही नाही. पण मोहनराव म्हणायचे तेव्हा त्या शब्दाच्या शेपटीला काहीतरी बांधल्यासारखं वाटायचं. काय, ते शेवटपर्यंत दिसायचं नाही.

त्या आषाढाच्या आधीच्या डिसेंबरात त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. बँकेतली मंडळी होती. त्यांच्या भावानं दुबईहून शेकर पाठवला होता, मी तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मोहनरावांनी बाह्या दुमडल्या, खांद्याजवळ धरून तो खळखळ हलवला, आणि उंच ग्लासांत नारंगी रंगाचं काहीतरी ओतत, प्रत्येकाच्या कडेला लिंबाची चकती खोचत ते पुढं सरकू लागले. मी सोफ्याच्या टोकाला होतो. माझी पाळी आली. मी ग्लास पुढं केला, आणि त्यांनी शेकर खाली ठेवला.

"शेठ, तुमच्यासाठी वेगळी सोय आहे."

कपाटातून एक बाटली काढली, सगळ्यांदेखत तिचं सील तोडलं, पेगभर व्हिस्की ओतली, वर सोडा. "घ्या."

खोलीभर नारंगी ग्लास आणि माझ्या एकट्याच्या हातात पिवळा. पंक्तीत बसवून एकाच्याच पानात वेगळी भाजी वाढावी तसं. समोरचा एक बँकवाला माझ्या ग्लासकडे बघून हसला. मी प्यायलो, कारण न पिणं म्हणजे लागलं असं कबूल करणं. परत येताना सुलभानं विचारलं, "गप्प का?" म्हटलं, "काही नाही." हे 'काही नाही' मी थंडी, उन्हाळा आणि निम्मा पाऊस सांभाळलं.

आषाढी अमावास्या जवळ आली तसा माझा बेत पक्का झाला. दुसऱ्या दिवशी श्रावण. मग महिनाभर आमच्या घरी मांस-मच्छी नाही, दारू नाही. आईनं घालून दिलेला नेम, तो मी आजतागायत मोडलेला नाही. म्हणून अमावास्येला सगळी हौस फेडून घ्यायची. लोक गटारी म्हणतात, सुलभा 'दिव्याची आवस' म्हणते आणि आधी दिवे, मग तुमची कोंबडी, असं बजावते. त्या संध्याकाळी साडूला घरी बोलवायचं, माझ्या शेकरातलं माझ्या हातानं पाजायचं, आणि त्यांच्या त्या इस्त्रीच्या तोंडून 'वा' म्हणवून घ्यायचं. बस. दुसरं काही नको होतं.

माझ्या गाळ्यात शेकर एका सकाळीत झाला असता. पण मोहनराव काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. 'वा शेठ, डब्याला टोपी घातलीत!' तेव्हा विकतचाच हवा होता, आणि त्यांच्याहून सरस.

घाटकोपरला स्टेशनजवळच्या भांडीवाल्याकडे गेलो. तो माझेच डबे विकायचा. त्यानं मला आधी थर्मास दाखवला, मग ताक घुसळायची बरणी, मग म्हणाला, "शेठ, दारू हिलाके क्यूं पीने का? पीने के बाद आदमी खुद हिलता है ना!" दुकानातली माणसं हसली. ती त्याला हसली की मला, हे मी दाराबाहेर येईपर्यंत ठरवू शकलो नाही.

शेवटी अंधेरीला एक दुकान कळलं. बाहेर अत्तरं, टेपरेकॉर्डर, परदेशी साबण; ओळखीचा हवाला दिला की काउंटरखालून बाकीचा माल. मी तयारीनं गेलो होतो. खिशात चुंबक, पिशवीत पाण्याची बाटली, जुनं वर्तमानपत्र आणि अर्धं लिंबू. वर्तमानपत्र गळती बघायला. थेंब पडला की कागदावर लगेच फुलतो. लिंबू मुलाम्यासाठी. पितळेवर हलका मुलामा दिलेला असेल तर लिंबू त्याला फार दिवस टिकू देत नाही, आणि हे भांडं लिंबासाठीच तर असतं. दुकानदारानं माझ्या पिशवीतून निघणाऱ्या एकेका वस्तूकडे पाहिलं. "सेठ, शेकर लेना है के लडकी पसंद करनी है?"

"लडकी को वापस नहीं कर सकते," मी म्हटलं. "इसको भी तुम वापस नहीं लोगे."

त्यानं आधी दोन तुकड्यांचा दाखवला. एक काचेचा पेला, त्यावर उलटा अडकवायचा पत्र्याचा पेला. झाकण असं नाहीच. "बार में यही चलता है."

"बारमध्ये सांडलं तर गिऱ्हाइकाचं सांडतं," मी म्हटलं. "माझ्या घरी माझं सांडेल." माझ्यासमोर कुणी नुसता ग्लासावर ग्लास ठेवून त्याला भांडं म्हणेल तर मी डबेवाला कसला?

दुसरा चकचकीत, बुडावर जपानचा छाप. लिंबू घासलं, थोडा वेळ ठेवलं, पुसलं. कडेला पिवळट डाग उमटला. "देखो," मी म्हटलं. तो म्हणाला, "लाइट का रंग है." मी त्याला भांडं घेऊन रस्त्यावर चल म्हटलं. आवाज चढला. दोन गिऱ्हाइकं अत्तर न घेताच गेली, तेव्हा तो नरमला आणि आतून स्टीलचे तीन शेकर घेऊन आला. एकसारखे, तीन तुकड्यांचे. चुंबक चिकटलं नाही. लिंबानं काही केलं नाही. पाणी भरून वर्तमानपत्रावर उलटे धरले. एकाचं झाकण सैल, लगेच थेंब. दुसरा ठीक. तिसऱ्याचं झाकण असं बसलं की काढताना मनगट पिळावं लागलं.

तिसरा मी बाजूला ठेवला, तर तो म्हणाला, "वो मत लो सेठ, बहुत टाइट है. बीचवाला लो, तकलीफ नहीं देगा."

झालं! दुकानदार आपणहून एक वस्तू पुढं सरकवतो तेव्हा ती त्याला खपवायची असते. जी मागं ओढतो, ती त्यानं चांगल्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेली असते. आयुष्यभर मी याच नियमावर पत्रा घेतला होता. "यही दे," मी म्हटलं. त्यानं खांदे उडवले. त्याचे ते उडवलेले खांदे मला विजयासारखे वाटले.

पाण्यानं पारखला होता. बर्फ कुणाच्या खिशात असतो?

अमावास्येच्या सकाळी सुलभानं घरातले सगळे दिवे काढले. समया, निरांजनं, तिच्या आईनं दिलेला लामणदिवा. चिंचेनं घासले, पुसले, पाटावर मांडले. शेकरही तिनं घासून त्यांच्या रांगेत शेवटी ठेवला. "चकाकू दे तोही," म्हणाली. मी बजावलं, "त्याला हळदकुंकू लावू नकोस." ती म्हणाली, "लावणार नव्हते." पण दुपारी पाहिलं तर टोपीवर दोन अक्षता होत्या. मी त्या फुंकल्या नाहीत. कशाला उगाच.

"आधी एकदा करून तर बघा," ती वडे थापता थापता म्हणाली.

"गळत नाही तो. तपासलाय."

"गळण्याचं नाही म्हणत मी."

तिला कशाचं म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. मला वाटलं, ती मोहनरावांच्या बाजूनं बोलतेय.

संध्याकाळी ते आले, माझी मेव्हणी मंगल मागून, दोघंही भिजलेले. पिशवीतून त्यांनी एक बाटली काढली आणि माझ्यासमोर धरली. "बघा शेठ, सील बघा." पुन्हा तेच. माझ्या घरात, माझ्या दिव्यांसमोर. मी म्हटलं, "ती राहू दे तिकडे. आज माझं घ्यायचं."

रम घातली, सुलभाच्या माहेरचं कोकमाचं सरबत, लिंबू, वर बर्फ. झाकण दाबून बसवलं. बाह्या दुमडल्या. मोहनरावांपेक्षा जोरात आणि जास्त वेळ हलवलं. बाहेरून त्याला घाम फुटला, बोटं बधिर झाली. घरात कोंबडीच्या रश्श्याचा वास, पाटावर दिवे, सगळे माझ्याकडे बघतायत. मी टोपी पिळली. हलली नाही. झाकण पिळलं. हललं नाही. फडकं घेतलं. पंच्यानं धरून बघितलं. दाराच्या फटीत टोपी अडकवून भांडं फिरवलं, तर दार करकरलं आणि मंगल तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

आज हे कुणीही सांगेल. थंडीनं आतली हवा आकसते आणि झाकणाला आत ओढते. आधीच घट्ट असेल तर मग विचारायलाच नको. पण मी डाळ-तांदळाच्या डब्यांचा माणूस. माझ्या झाकणाखाली बर्फ कधी कुणी ठेवला नव्हता.

मोहनराव पुढं झाले. त्यांनी बूड धरलं, मी टोपी. दोन्हीकडून जोर. साडूचं आणि माझं तोंड इतक्या जवळ कधी आलं नव्हतं. कपाळावरची शीर फुगलेली असताना ते म्हणाले, "तुमचाच माल दिसतोय शेठ. झाकण बाकी घट्ट!"

हे कौतुक की टोमणा? मी भांडं हिसकावून घेतलं.

सुलभा पातेलं घेऊन आली. "अहो, दोन पेले एकात एक अडकतात तेव्हा काय करतो? जरा गरम पाणी सोडू द्या वरून."

"बर्फ वितळेल! आत पाणी होईल!" मी इतका ओरडलो की निरांजनाची वात हलली, असं ती अजून सांगते. तिचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं. पाणचट झालेला पहिला घोट, आणि वर उचललेली मोहनरावांची भुवई. त्यापेक्षा बंद बरा.

मग त्यांचीच बाटली निघाली. त्यांनी सील तोडलं, ओतलं, आम्ही कोंबडी-वडे खाल्ले. शेकर दिव्यांच्या रांगेत बसून राहिला, घामेजलेला, माझ्यासारखाच. बाहेर पाऊस इतका वाढला की गाड्या बंद पडल्याचं कळलं आणि पाहुण्यांना मुक्काम करावा लागला. मला वाटलं, देवाला माझी अजून थोडी चेष्टा करायची आहे.

सकाळी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलेलं. मोहनराव खिडकीशी, मी दारात, मंगल आतल्या खोलीत. सुलभानं ओटा पुसायला शेकर नुसता बाजूला उचलला, आणि टोपीसकट झाकण तिच्या हातात आलं. टक्. एवढाच आवाज. ती बघतच राहिली. मग आम्ही तिघंही आत वाकून बघू लागलो. जांभळट लाल, काठोकाठ. बर्फाचा मागमूस नाही.

"ओता," मोहनराव म्हणाले.

"श्रावण लागला."

"तुम्हाला लागला. मी कुठं पाळतो?"

मी चहाच्या कपात ओतलं. गाळणीचीही गरज नव्हती. कप पुढं करताना माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मोहनराव, डिसेंबरात तुम्ही सगळ्यांना शेकरातलं दिलंत. मला एकट्याला वेगळं का?"

ते खरंच गोंधळलेले दिसले. म्हणजे, दिसले तसे. "अहो, सुलभाताईंनीच सांगितलं होतं. ह्यांच्यासमोर सील तोडा, नाहीतर घोटभर घेणार नाहीत. मिसळलेल्याला तर हातच लावत नाहीत, कुठं काय घातलंय म्हणून. म्हणून मुद्दाम बंद बाटली आणून ठेवली मी. कालचीपण त्यासाठीच."

मी बायकोकडे पाहिलं. ती आधणात साखर घालत होती. वळलीसुद्धा नाही.

"मग? खोटं होतं काय? विषारी दारूच्या बातम्या वाचून लग्नघरातला सोडासुद्धा हुंगता तुम्ही."

हे खरं होतं. पण खरं असलं म्हणून मला ते पटलं असं नाही. सुलभानं सांगितलं असेल. मग मोहनरावांनी ते तेव्हाच का सांगू नये? 'वेगळी सोय' हे शब्द त्यांचे, सुलभाचे नव्हेत. आणि तो बँकवाला का हसला? एका उत्तरानं दुसऱ्या प्रश्नाचं झाकण उघडत नाही, ही माझी तेव्हाही तक्रार होती आणि आजही आहे.

मोहनरावांनी कप तोंडाला लावला. मी त्यांच्या भुवईकडे बघत होतो. ती हलली नाही. ते सावकाश, खिडकीबाहेर बघत, तळापर्यंत प्यायले. कप स्वतः विसळला, पालथा घातला.

"छान आहे," म्हणाले.

वा नाही. छान. साडूच्या घरात, सकाळी सकाळी, श्रावणाच्या पहिल्या दिवशी, ज्याच्याकडे रात्रभर राहिलो त्याला माणूस दुसरं काय म्हणणार? पण मग पुरतं प्यायले कशाला? अर्धं सोडता आलं असतं. उरलेलं मी मोरीत ओतलं. नेम होता, मला चाखता येणार नव्हतं. ते पेय नेमकं कसं झालं होतं, ते जगात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि त्याचं बोलणं इस्त्रीचं.

नंतर पुष्कळ आषाढ गेले. गाळा मी विकला, तिथं आता काचेची इमारत आहे. मोहनराव निवृत्त होऊन बोरिवलीला लेकीजवळ गेले. लग्नांत, बारशांत भेट व्हायची, ते 'शेठ' म्हणायचे, मी हसायचो. विचारायचं राहून गेलं. तो शेकर सुलभानं माळ्यावर टाकला, मग कधीतरी भंगारात गेला. भंगारवाल्यानं तो हलवून पाहिला होता म्हणे. त्याला काय कळणार!

आता सुनेचा हा नवा शेकर समोर आहे. चुंबक लावून झालं, चिकटलं नाही. लिंबू लावून झालं. काल त्यात बर्फ घालून उलटा ठेवला आणि घटकाभर वाट पाहिली. वर्तमानपत्रावर दोन थेंब पडले. झाकण सैल आहे.

सून म्हणाली, "परत पाठवू का बाबा? दुसरा घट्ट मिळेल."

मी सुलभाकडे पाहिलं. ती दिव्यांना चिंच लावत होती. मुद्दाम वर बघत नव्हती.

"राहू दे," म्हटलं.

अमावास्येला मोहनराव येणार आहेत. आता जिना चढायला त्यांना वेळ लागतो, डॉक्टरांनी दोन घोटांची मुभा दिलीय म्हणे. तेवढे पुरे. रम, कोकम, लिंबू, सगळं त्यांच्यासमोरच घालणार, आणि ओतल्यावर त्यांच्या भुवईकडे नीट बघणार. चष्मा बदलून घेतलाय. तेव्हाचं ते 'छान' खरं होतं का, हेही त्याच बैठकीत विचारणार. दोन थेंब टेबलावर सांडले तर सांडू देत. या वेळी झाकण श्रावण लागायच्या आत उघडलं पाहिजे.